आराखड्यातलं पहिलं कलम

मोहरीलकाकांचं दार वाजवलं की आतून आधी तीन प्रश्न येत. मग साखळीएवढी फट पडे आणि त्या फटीतून एक डोळा तुमची तपासणी करी. प्रश्न ठरलेले असत. "कोण? कशाला? आणि आत्ताच का?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कुणीही देईल. तिसऱ्याला भलेभले अडकत. पोस्टमन बिचारा आत्ताच का आला याचं काय उत्तर देणार? त्याची फेरीच त्या वेळेची. पण काकांचं तेवढ्यावर भागत नसे. "कल साढ़े ग्यारह, आज सवा ग्यारह। मैं आरोप नहीं करता, सिर्फ पूछता हूँ।" हे वाक्य ते मराठीतही त्याच सुरात म्हणत. एकदा त्यांची सख्खी बहीण नागपूरहून भाऊबीजेला आली. हातात पिशव्या, रात्रभरचा प्रवास झालेला, आणि फटीतून प्रश्न आला, "आत्ताच का?" बाई खमकी होती. "मनोहर, आज भाऊबीज आहे म्हणून!" असं ओरडली. काकांनी आत जाऊन कॅलेंडर पाहिलं आणि मग साखळी काढली.

भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत मी त्यांच्या अगदी समोरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मी ड्रॉइंग ऑफिसात, काका इन्स्पेक्शनमध्ये. इन्स्पेक्शन म्हणजे दुसऱ्याने घाम गाळून केलेल्या कामात चूक शोधायची आणि त्यावर लाल रंग फासायचा. काकांनी उभा जन्म हेच केलं, आणि मग सवय अशी जडली की कारखान्याचा भोंगा वाजला तरी ती सुटेना. आठवडी बाजारात ते दुधीभोपळा बोटांनी वाजवून पाहत आणि "आत पोकळ आहे" म्हणून परत ठेवत. सुतार येऊन गेला की दाराच्या फटीत फीलर गेज घालत. फीलर गेज म्हणजे पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा, यंत्रातल्या फटी मोजायचा. सुताराने उद्या परत यायची सोय तर करून ठेवली नाही ना, एवढंच त्यांना बघायचं असे.

माझ्यावरही त्यांचा संशय होता. मी इंदूरचा, काकांचं घराणं नागपूरचं. राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर इकडे आले. इंदूरची माणसं गोड बोलतात आणि गोड बोलणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं, हे त्यांचं मत त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मला खरंच काही नको होतं. उलट त्यांनाच माझ्याकडून हवं होतं, कारण माझ्याकडे टाइपरायटर होता.

काकांनी देशाची पोलीस सेवा सुधारायचं मनावर घेतलं होतं. त्याचा एक्केचाळीस कलमांचा आराखडा त्यांनी तयार केला होता आणि दर वर्षी तो नव्याने टाइप होऊन दिल्लीला, राज्याच्या गृहखात्याला आणि शहरातल्या मोठ्या पोलीस अधिकाऱ्यांना जाई. टाइप करणारा मी. काका मागे उभे राहून कलमं मोजत, कारण मी मधलं एखादं गाळीन असा त्यांना दाट संशय होता. एकदा मी खरंच गाळलं होतं, तेव्हापासून तर विचारूच नका.

आराखडा मात्र वेड्यासारखा नव्हता, हे मला दुसऱ्या वर्षीच कळलं. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याआधी खुर्ची द्यावी. घटना कुणाच्या हद्दीत घडली हे भांडण नंतर करावं, आधी तक्रार लिहून घ्यावी. शिपायाला कारखान्यासारखी आठ तासांची पाळी द्यावी, कारण झोप न झालेला माणूस समोर येईल त्याच्यावर खेकसतो. एका गल्लीत एकच शिपाई तीन वर्षं ठेवावा. त्याने पहिले काही दिवस साध्या कपड्यांत यावं, कारण वर्दी पाहून माणूस खरं बोलत नाही. दार काठीने ठोकू नये, बोटांनी वाजवावं. "पोलीस दारात आला की पोटात गोळा येतो, तो आधी जायला हवा," काका म्हणत. "चोर मग आपोआप सापडतील."

माझी तक्रार फक्त पहिल्या कलमाबद्दल होती. ते असं होतं : शिपायाने रोज सकाळी आपल्या गल्लीतून चालत जावं आणि आठ वाजेपर्यंत ज्या घराची दुधाची पिशवी आत गेली नसेल, त्या घराचं दार वाजवावं.

"काका, हे शेवटी टाकू या," मी म्हटलं. "दिल्लीतला साहेब पहिल्याच ओळीला हसेल आणि कागद बाजूला ठेवेल."

"हसू दे."

"निदान विसावं करू या."

"तुम्हाला ते मागे का ढकलायचं आहे? मी आरोप करत नाही, फक्त विचारतोय."

कलम पहिलंच राहिलं. उत्तरं यायची ती एकाच साच्यातली, "आपल्या सूचना प्राप्त झाल्या" अशी. काही वर्षांनी तीही येईनाशी झाली. मग एका हिवाळ्यात आमच्या गल्लीत तो माणूस दिसू लागला.

चाळिशीचा असेल. साधा बुशशर्ट, वर विटका स्वेटर, सायकल गल्लीच्या तोंडाशी उभी करून तो रोज पावणेआठच्या सुमाराला चालत आत येई. ना भाजी विकायला, ना भंगार घ्यायला. दोन्ही बाजूंच्या घरांच्या कठड्यांकडे बघत सावकाश शेवटपर्यंत जाई आणि तसाच परत येई. दूधवाला पिशव्या कठड्यावर ठेवून गेलेला असे, त्या तो मोजतोय असं वाटे. चौथ्या दिवशी त्याने माझ्या बायकोला, नंदाला, "बहनजी, सब कुशल?" असं विचारलं. नंदाने दार लावून घेतलं आणि मला म्हणाली, "हा घरं हेरतोय."

काकांनी तर तिसऱ्या दिवशीच वही उघडली होती. "डावा पाय किंचित ओढतो. मिशी नुकतीच काढली आहे, ओठावरची जागा फिकट दिसते. मिशी माणूस उगाच काढत नाही." मला मान्य करावंच लागलं की मी मिशीचा असा विचार कधी केला नव्हता. गल्लीत जो तो एकमेकांच्या कानाला लागला. ज्या घरांत काकांच्या तीन प्रश्नांची टिंगल होत असे, तिथेही दाराला नव्या साखळ्या बसल्या. काकांना इतक्या वर्षांत एवढा मान मिळाला नव्हता.

सापळा काकांनीच आखला. शनिवारी सकाळी मी कुंपणाआड बॅडमिंटनची रॅकेट घेऊन उभा राहिलो, कारण घरात त्याहून घातक काही नव्हतं. वसाहतीचे दोन सुरक्षारक्षक गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. तो माणूस आला, कठडे बघत निघाला, आणि आम्ही त्याला घेरलं. तो पळाला नाही. "अरे भैया, मैं पुलिस में हूँ, रामदीन नाम है," असं म्हणत त्याने खिशातून ओळखपत्र काढलं.

ते काकांनी हातात घेतलं, चष्मा वर सरकवला आणि उजेडात धरलं. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तपासलेला माणूस तो. "फोटोत मिशी आहे. माणसाला नाही. शिक्का फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा हवा, हा सगळा कागदावरच आहे. शिवाय एक कोपरा कापलेला." त्यांनी कार्ड मला दिलं आणि जन्मभर जो शब्द उच्चारला तोच उच्चारला, "रिजेक्ट!"

रामदीनला आम्ही मराठी मंडळाच्या सामानाच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी लावली. तिथे गेल्या गणपतीचा थर्माकोलचा कैलास ठेवलेला होता. खिडकीतून पाहिलं तर तो कैलासाला टेकून शांतपणे बसला होता. मला जरा चमत्कारिक वाटलं. चोर एवढा कंटाळलेला नसतो.

ठाण्याची जीप आली आणि तो रामदीनच निघाला. शिपाई, आमच्याच ठाण्याचा. शहरातल्या एका नव्या अधिकाऱ्याने काकांचा आराखडा मुळापासून वाचला होता आणि सहा महिन्यांचा प्रयोग मंजूर केला होता. एक शिपाई, एक गल्ली, साधे कपडे. मिशीसुद्धा त्याला काढायला लावली होती, माणूस जरा कमी पोलिसासारखा दिसावा म्हणून. "मोहरील साहब को चिट्ठी तो भेजी थी," जीपमधून आलेला हवालदार म्हणाला.

काका तडक घरात गेले. मीही मागोमाग गेलो. त्यांची आणखी एक रीत होती. पाठवणाऱ्याचं नाव नीट वाचता येत नसेल तर असलं पत्र ते उघडत नसत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पंधरा दिवस पडू देत. "घाईचं असेल तर परत पाठवतील," असं त्यांचं म्हणणं. डब्यात सर्वांत वर एक खाकी लिफाफा होता. शिक्क्याची शाई पसरली होती. आत लिहिलं होतं की आपल्या आराखड्यातलं पहिलं कलम आपल्याच गल्लीत राबवून पाहण्यात येत आहे, कृपया सहकार्य करावं.

काकांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि खुर्चीवर बसले. मला हसू येत होतं, खोटं कशाला बोलू? पण त्यांचा चेहरा बघून ते गिळलं. "त्याला शिक्षा होईल," ते म्हणाले. "माझ्यामुळे."

सोमवारी ते मला घेऊन ठाण्यात गेले. ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्याला आमच्याकडे टीआय म्हणतात. या टीआय साहेबांना हा प्रयोग पहिल्यापासून नको होता, आणि आता आयतं कारण सापडलं होतं. गल्लीनेच शिपायाला कोंडून ठेवलं, म्हणजे लोकांना योजना मान्य नाही, असा अहवाल वर गेलासुद्धा होता. रामदीनवर ठपका वेगळाच, लोकांच्या हाती सापडून वर्दीची शोभा केल्याचा. आम्ही टेबलासमोर उभे होतो. बसा कुणी म्हटलं नाही. मला वाटलं काका आता खुर्चीचं कलम काढणार. त्यांनी काढलं नाही. हात जोडून म्हणाले, "गलती मेरी है। उसने मेरा लिखा हुआ ही किया। सजा उसको नहीं होना।"

टीआय साहेबांनी फाइल उघडली आणि पहिलं कलम मोठ्याने वाचलं. बाकीच्या टेबलांवरची माणसंही ऐकू लागली. "वाह! अब पुलिस दूध की थैलियाँ गिनेगी?" सगळे हसले.

काका त्यांच्या नागपुरी हिंदीत हळूच म्हणाले, "मेरी मिसेस सुबह रसोई में गिरी। मैं फर्स्ट शिफ्ट में था। तब हम दूसरे सेक्टर में रहते थे। मैं साढ़े तीन बजे लौटा तो दूध बाहर ही पड़ा था, फट गया था। डॉक्टर बोला, दस बजे तक साँस रही होगी।" मग म्हणाले, "क्वार्टरों की पूरी लाइन उस दरवाजे के सामने से ड्यूटी पर गई। किसी ने खटखटाया नहीं। मैं आरोप नहीं करता…"

पुढचे शब्द मला पाठ होते, पण ते आले नाहीत. टीआय साहेबांनी पायाने एक खुर्ची पुढे सरकवली आणि काका बसले. मी त्यांच्यासमोर इतकी वर्षं राहिलो, एक्केचाळीस कलमं कितीदा टाइप केली, आणि ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो. काकांची पत्नी वारली एवढंच मला माहीत होतं. कशी, ते मी कधी विचारलंच नव्हतं. मला माझी लाज वाटली.

प्रयोग बंद झालाच. फाइल वर गेली होती, ती खाली येणं टीआय साहेबांच्याही हातात नव्हतं. रामदीनवरचा ठपका मात्र त्यांनी काढला आणि त्याला शहराबाहेर मिसरोदच्या बाजूला नेमलं. काकांनी त्या वर्षी आराखडा टाइप करायला आणला नाही. मी आपणहून विचारलं तर म्हणाले, "ज्याला पोलीस ओळखू येत नाही त्याने पोलीस सुधारू नये." दाराची साखळी आणि तीन प्रश्न मात्र चालू होते.

पुढची गोष्ट सांगताना अजूनही जड जातं. महिन्या-दीड महिन्यानंतरची. सोमवारी सकाळी ऑफिसला निघालो तेव्हा काकांच्या कठड्यावर दुधाची पिशवी होती. मला ती दिसली. घड्याळात सव्वाआठ झाले होते. काका आज उशिरा उठले वाटतं, असं म्हणून मी स्कूटरला किक मारली. मंगळवारीही पिशवी होती. नंदा म्हणाली, "काका बहिणीकडे गेलेत की काय? बघून या ना." मी म्हटलं, "तूच बघ." ती म्हणाली, "मला नाही बाई ते तीन प्रश्न ऐकायचे." मलाही ऐकायचे नव्हते. बुधवारीही पिशवी होती, आणि बुधवारी तर मी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

गुरुवारी सुट्टी होती. मी खिडकीत दात घासत उभा होतो. समोर पिशवी होतीच. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सायकल उभी राहिली आणि डावा पाय किंचित ओढत रामदीन आत आला. या वेळी वर्दीत होता, मिशीही परत आली होती. मिसरोदला जायचा त्याचा रस्ता आमच्या गल्लीतून मुळीच जात नाही. तो कठडे बघत आला, काकांच्या घराशी थांबला, घड्याळ पाहिलं आणि दार वाजवलं. बोटांनी.

"कौन?"

"रामदीन, काकाजी।"

"काहे को?"

"दूध बाहर पड़ा है।"

"अभी ही क्यों?"

"आठ बज गए, काकाजी।"

त्या प्रश्नाचं न चिडता सरळ उत्तर देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. साखळी पडल्याचा आवाज आला आणि दार सताड उघडलं. काका आंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीच्या सदऱ्यात उभे होते. हातात मनगटी घड्याळ होतं.

मी चूळ भरून तसाच पलीकडे धावलो. रामदीन वेताच्या खुर्चीवर बसला होता आणि चहा उकळत होता. "गुरुवार को इधर बाजार का बंदोबस्त रहता है," तो मला सांगत होता, "तो सोचा, एक चक्कर लगा लूँ।" काकांनी मला बघून स्वयंपाकघरातून एक वाटी आणली. तीत पनीर होतं.

"रोज संध्याकाळी आत घेतलेल्या तीन दिवसांच्या दुधाचं आहे," ते म्हणाले. "आजचं चांगलं निघालं. त्याचा चहा टाकलाय."

"काका, तुम्ही बरे आहात ना?"

"बरा आहे. सोमवारीही बरा होतो, रजा काढून घरातच होतो." त्यांनी खिडकीतून माझ्या घराकडे पाहिलं. "तुमची खिडकी अगदी समोर आहे. मी आरोप करत नाही, फक्त विचारतोय."

वाटी घेऊन घरी आलो. नंदाने काय झालं विचारलं तर तिला सांगितलं. ते पनीर दोन दिवस तसंच राहिलं.

शुक्रवारी मी लवकर उठलो. दूधवाला गेल्यापासून समोरच्या कठड्यावरच्या पिशवीकडे बघत उभा होतो. पावणेआठपर्यंत कसाबसा थांबलो आणि जाऊन दार वाजवलं.

"कोण? कशाला? आणि आत्ताच का? आठ वाजायला अजून पंधरा मिनिटं आहेत."

"मला राहवलं नाही, काका," मी म्हटलं.